ल्यूथरन शिकवण शिकायचीय? मग ९५ सिद्धांत बाजूला ठेवा आणि तीस पानांपासून सुरुवात करा

ल्यूथरन डॉक्ट्रिन शिकायचंय म्हटलं की बहुतेक जण पहिला सल्ला देतात तो म्हणजे "९५ सिद्धांत वाच". माझ्या मते नवशिक्याला यापेक्षा वाईट सल्ला देता येणार नाही. ३१ ऑक्टोबर १५१७ ही तारीख कितीही फेमस असली तरी तो कागद म्हणजे जर्मनीतल्या विटेनबर्गच्या एका तेहतीस वर्षांच्या प्रोफेसरने, मार्टिन ल्यूथरने, लॅटिनमध्ये लिहिलेली वादविवादाची यादी आहे, विषय पापक्षमेच्या पत्रांची विक्री, आणि त्यात पर्गेटरी (मेल्यावर पापांची शुद्धी होते ती अवस्था) आहे, पोपचा अधिकारही आहे. ज्याला आज आपण ल्यूथरन शिकवण म्हणतो, म्हणजे माणूस केवळ विश्वासाने नीतिमान ठरतो वगैरे, ती त्यात नीट मांडलेलीच नाहीये. मग माणूस वीसेक सिद्धांत वाचतो, कंटाळतो आणि यूट्यूबवर कॅल्व्हिनवाले विरुद्ध ल्यूथरवाले अशी भांडणं बघत बसतो. तिथे काही शिकून होत नाही, फक्त मतं तयार होतात.

हा लेख आहे पार सुरुवातीपासून सुरू करणाऱ्यांसाठी. तुम्ही सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) असाल, मेथडिस्ट असाल, वसईचे कॅथलिक असाल, पेंटेकोस्टल असाल किंवा ख्रिस्ती नसाल आणि फक्त समजून घ्यायचं असेल, तरी रस्ता तोच आहे. मराठी मुलखात ल्यूथरन शिकवण अनोळखी का वाटते तेही आधी सांगतो, म्हणजे आपल्यालाच का कळत नाही असं वाटायला नको. आपल्याकडे आलेलं अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल, स्कॉटिश लोक प्रेस्बिटेरियन, आणि बाकी अँग्लिकन, मेथडिस्ट. १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया तयार झालं त्यात यातले बरेच प्रवाह एकत्र आले, पण ल्यूथरन त्यात नव्हते. भारतातले ल्यूथरन मुख्यतः तमिळनाडू, आंध्र, छोटा नागपूर या पट्ट्यात. त्यामुळे आपल्या संडे स्कूलमध्ये जे कानावर पडलंय ते प्रोटेस्टंट आहे, पण ल्यूथरन असेलच असं नाही.

आधी काय काय जमवायचं

एक मराठी बायबल, एक वही आणि ल्यूथरचा स्मॉल कॅटेकिझम. बस. कॅटेकिझम म्हणजे प्रश्नोत्तरी, आणि हा स्मॉल म्हणजे खरंच स्मॉल, मूळ मजकूर तीसेक छोट्या पानांचा. इथे एक गोष्ट बघून घ्या. बाजारात किंवा पीडीएफमध्ये याच नावाची तीनशे-चारशे पानांची जाडजूड पुस्तकंही मिळतात, ती बघून लोक घाबरतात. त्यात पुढचा थोडा भाग ल्यूथरचा असतो आणि मागचा सगळा ढीग म्हणजे नंतरच्या लोकांनी लिहिलेलं स्पष्टीकरण. ते वाईट नाही, पण पहिल्यांदा वाचताना तो भाग सरळ सोडून द्या.

हे पुस्तक कसं आलं ते माहीत असलं की त्याचा सूर कळतो. १५२८ मध्ये ल्यूथर आणि त्याचे साथीदार सॅक्सनीतल्या गावोगावच्या मंडळ्यांची पाहणी करायला गेले आणि जे दिसलं त्याने तो हादरला. लोकांना प्रभूची प्रार्थना येत नाही, दहा आज्ञा येत नाहीत, आणि बऱ्याच पाळकांनाही शिकवता येत नाही. हे त्याने प्रस्तावनेत अजिबात न लाजता लिहून ठेवलंय. मग १५२९ मध्ये त्याने हे आधी मोठ्या तक्त्यांवर छापून आणलं, भिंतीवर लावता येईल असं, आणि मग पुस्तक केलं. प्रत्येक भागाच्या डोक्यावर लिहिलंय की घरच्या कर्त्याने हे आपल्या घरातल्यांना सोप्या रीतीने शिकवावं. म्हणजे हे सेमिनरीसाठी, पाळक तयार करणाऱ्या कॉलेजसाठी, लिहिलेलंच नाही, स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणण्यासाठी लिहिलंय, आणि तसंच वापरायचं. त्याच वर्षी त्याने लार्ज कॅटेकिझमही काढला, त्याच्याकडे नंतर येऊ.

अजून एक, भाषांतर कोणतंही घ्या पण एकच धरा. ल्यूथर स्वतः प्रस्तावनेत सांगतो की शिकवताना एकच पाठ ठरवा आणि दरवर्षी शब्द बदलत बसू नका, नाहीतर शिकणाऱ्याचा गोंधळ होतो. आज इंग्रजीतली आठ भाषांतरं मोबाइलवर उघडून तुलना करणाऱ्यांना हा सल्ला जास्तच लागू आहे.

आज्ञांचे नंबर तपासून घ्या, नाहीतर पहिल्याच दिवशी गडबड

ही बारीक गोष्ट वाटते पण कोणी आधी सांगत नाही. ल्यूथरन पुस्तकात "चौथी आज्ञा" लिहिलेलं असेल तर ती आहे "आपल्या बापाचा व आपल्या आईचा मान राख". तुमच्या सीएनआय किंवा मेथडिस्ट चर्चमध्ये चौथी आज्ञा म्हणजे शब्बाथ. कारण बायबलमध्ये आज्ञा दहा आहेत असं म्हटलंय, पण त्यांना नंबर दिलेले नाहीत. ल्यूथरने पश्चिमेकडच्या चर्चची जुनी पद्धत ठेवली, तिच्यात मूर्तींबद्दलचा भाग पहिल्या आज्ञेतच येतो आणि शेवटी लोभाच्या दोन आज्ञा होतात, नववी आणि दहावी. रिफॉर्म्ड (म्हणजे कॅल्व्हिनच्या परंपरेतल्या) आणि अँग्लिकन लोकांनी मूर्तींची आज्ञा वेगळी दुसरी मोजली आणि लोभाची एकच ठेवली. गोव्याच्या, वसईच्या कॅथलिक वाचकांना अडचण येणार नाही, त्यांचे नंबर ल्यूथरन नंबरांशी जुळतात. बाकीच्यांनी वहीच्या पहिल्या पानावर दोन रकाने करून दोन्ही नंबर लिहून ठेवा.

क्रम बदलू नका

कॅटेकिझमचे सहा भाग आहेत: दहा आज्ञा, प्रेषितांचा विश्वासांगीकार (आम्ही काय मानतो ते सांगणारा क्रीड), प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, पापांगीकार आणि प्रभुभोजन. शिवाय सकाळ-संध्याकाळच्या छोट्या प्रार्थना, जेवणाआधीची-नंतरची प्रार्थना, आणि कोणी कसं वागावं याचा वचनांचा एक तक्ता. पहिल्या तिघांचा क्रम मुद्दाम ठेवलेला आहे. ल्यूथरने १५२० मध्येच सांगितलं होतं की आजारी माणसाला आधी कळायला हवं की आपल्याला झालंय काय, मग औषध कुठे आहे ते, आणि मग ते मागायचं कसं. आज्ञा आजार दाखवतात, विश्वासांगीकार औषध दाखवतो, प्रार्थना मागायला शिकवते. पुढचं सगळं ल्यूथरन डॉक्ट्रिन या तीन पायऱ्यांवर उभं आहे, त्यामुळे "आज्ञा तर पाठ आहेत, डायरेक्ट प्रभुभोजनावर जाऊ" असं करू नका.

वाचायची पद्धत अशी. प्रत्येक वाक्यानंतर ल्यूथर एकच प्रश्न विचारतो, "याचा अर्थ काय?", आणि दोन-चार ओळींत उत्तर देतो. आधी प्रश्नावर थांबा, आपलं उत्तर वहीत लिहा, मग त्याचं वाचा. फरक दिसतो तिथेच शिकणं होतं. पहिल्या आज्ञेचं उत्तर तो देतो की आपण सगळ्यांपेक्षा जास्त देवाचं भय धरावं, त्याच्यावर प्रेम करावं आणि त्याच्यावर भरवसा ठेवावा. आणि पुढच्या नऊही आज्ञांचं उत्तर "आपण देवाचं भय धरावं आणि त्याच्यावर प्रेम करावं" इथूनच सुरू होतं. म्हणजे चोरी असो, व्यभिचार असो, खोटी साक्ष असो, फिरून फिरून प्रश्न पहिल्या आज्ञेचाच. शिवाय तो फक्त "करू नको" वर थांबत नाही, उलट बाजूने "कर" सुद्धा सांगतो. खोट्या साक्षीच्या आज्ञेत तो म्हणतो की शेजाऱ्याची बदनामी करू नका एवढंच नाही, त्याची बाजू घ्या, त्याच्याबद्दल चांगलं बोला आणि त्याच्या वागण्याचा शक्य तितका चांगला अर्थ लावा. हे वाचून आपल्या फॅमिली व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक नजर टाका, आज्ञा कुठे लागू होते ते कळेल.

विश्वासांगीकारावर जास्त वेळ द्या, इथे खरा माल आहे. जुन्या शिकवणीत त्याचे बारा तुकडे करायचे, बारा प्रेषितांचे बारा. ल्यूथरने तीनच केले: उत्पत्ती, तारण, पवित्रीकरण. पहिल्या कलमात तो जगाच्या निर्मितीची थिअरी सांगत नाही, तो म्हणतो देवाने मला घडवलं, मला डोळे-कान दिले, कपडे आणि जोडे दिले, घरदार, शेत, जनावरं दिली, आणि हे सगळं माझी काही लायकी नसताना. दुसऱ्या कलमात ख्रिस्ताने मला, हरवलेल्या आणि दोषी ठरलेल्या माणसाला, सोन्याचांदीने नाही तर आपल्या रक्ताने सोडवलं. बघा, सगळीकडे "मला", "माझ्यासाठी".

आणि तिसरं कलम. तिथे तो लिहितो की मी माझ्या बुद्धीने किंवा ताकदीने येशू ख्रिस्तावर विश्वास ठेवू शकत नाही, त्याच्याकडे येऊही शकत नाही, पवित्र आत्म्याने मला शुभवर्तमानाद्वारे बोलावलं. आपल्याकडच्या संजीवन सभांमधून "आज निर्णय घ्या, येशूला स्वीकारा" हे ऐकत मोठे झालेल्यांना हे वाक्य खटकतं आणि खटकायलाच पाहिजे. म्हणजे विश्वास हीसुद्धा माझी कमाई नाही, तोही दिला गेलाय. हे कळलं नाही तर पुढचं काही कळणार नाही, त्यामुळे इथे आठवडा गेला तरी चालेल.

नियमशास्त्र आणि शुभवर्तमान ओळखायला शिका

आता खरं स्किल. ल्यूथरन लोक बायबल वाचताना सतत एक प्रश्न विचारतात: इथे देव काही मागतोय की काही देतोय? मागतो ते नियमशास्त्र, देतो ते शुभवर्तमान. आणि हे जुना करार म्हणजे नियम, नवा करार म्हणजे कृपा असं नाहीये, दोन्ही दोन्हीकडे आहेत. दहा आज्ञा सुरू होण्याआधीचंच वाक्य बघा, "मी तुला मिसर देशातून, दास्यातून बाहेर आणलं." आधी सुटका, मग आज्ञा.

प्रॅक्टिससाठी दोन उतारे शेजारी शेजारी ठेवा. मार्क १०:१७ पासून, आणि प्रेषितांची कृत्ये १६:२५ पासून. पहिल्यात एक श्रीमंत माणूस पळत येऊन येशूला विचारतो, सार्वकालिक जीवन मिळावं म्हणून मी काय करू. येशू त्याला आज्ञा ऐकवतो. तो म्हणतो हे सगळं मी लहानपणापासून पाळलंय. मग येशू म्हणतो, जा, असेल नसेल ते विकून गरिबांना दे. माणूस तोंड पाडून निघून जातो. दुसऱ्यात फिलिप्पैच्या तुरुंगाचा अधिकारी, भूकंपाने दारं उघडलीत, कैदी पळाले असं समजून त्याने तलवार उपसलेली, तो थरथरत पौल आणि सीलाला विचारतो, माझं तारण व्हावं म्हणून मी काय करू. उत्तर येतं, प्रभू येशूवर विश्वास ठेव. एवढंच. विकायचं काही नाही, आज्ञांची यादी नाही.

प्रश्न जवळपास एकच, उत्तरं एवढी वेगळी का? ल्यूथरन वाचन म्हणतं, विचारणारी माणसं वेगळी आहेत म्हणून. पहिल्याला वाटतंय मी पास झालोय, त्याला नियमशास्त्र पूर्ण वजनाने दिलं जातं, तोवर की ते कोणालाच झेपणार नाही हे कळेल, आणि पुढे शिष्य घाबरून विचारतात मग तारण कोणाचं होणार तेव्हा येशूच म्हणतो की माणसांना हे अशक्य आहे, देवाला नाही. दुसरा आधीच मोडून पडलाय, त्याला अजून नियम सांगणं म्हणजे पडलेल्याला लाथ. जो निवांत आहे त्याला नियम, जो घाबरलाय त्याला शुभवर्तमान. हे उलटं झालं की काय होतं ते आपण सगळ्यांनी उपदेशांतून ऐकलंय, पापाने खचलेल्या बाईला "अजून उपास कर, अजून प्रार्थना कर" सांगतात आणि गावच्या पुढाऱ्याला "देव प्रेम आहे".

या विषयावर अमेरिकेतल्या सेंट लुइसमध्ये सी. एफ. डब्ल्यू. वॉल्थर यांनी १८८४-८५ मध्ये विद्यार्थ्यांना संध्याकाळची व्याख्यानं दिली होती, पंचवीस सिद्धांतांवर, ती नंतर पुस्तक म्हणून आली. भाषा जुनी आहे पण सोपी आहे. दुसऱ्या टप्प्यावर ते वाचा, आत्ता नको. आत्ता एवढंच करा की रविवारचा उपदेश ऐकताना वहीत दोन रकाने करा, मागितलं काय आणि दिलं काय. दुसरा रकाना कितीदा रिकामा राहतो ते बघाच.

मग ऑग्सबर्ग कन्फेशन

कॅटेकिझम एकदा नीट झाला की हे घ्या, म्हणजे ल्यूथरन लोकांनी आपण काय मानतो ते जाहीर केलेला मजकूर. २५ जून १५३० रोजी ऑग्सबर्गमध्ये सम्राट पाचव्या चार्ल्ससमोर हे जर्मनमध्ये मोठ्याने वाचलं गेलं. लिहिलं ल्यूथरचा सहकारी फिलिप मेलांख्थॉनने, ल्यूथर तिथे नव्हता कारण त्याच्यावर साम्राज्याची बंदी होती. अठ्ठावीस कलमं, पहिली एकवीस शिकवणीची, शेवटची सात चर्चमधल्या गैरप्रकारांची. पहिली एकवीस बहुतेक छोटी छोटी आहेत, एका बसण्यात दोन-तीन होतात. शेवटची सात लांब आहेत, पाळकांचं लग्न, मठातली वचनं, बिशपांची सत्ता वगैरे, ती पहिल्या वेळी चाळली तरी चालतील.

चौथं, पाचवं आणि सहावं कलम मात्र एकत्र वाचा, कारण तिन्ही मिळून एकच वाक्य आहे असं समजा. चौथं म्हणतं माणूस आपल्या कर्माने नाही तर ख्रिस्तामुळे, विश्वासाने, फुकट नीतिमान ठरतो. मग हा विश्वास येतो कुठून? पाचवं म्हणतं वचन आणि संस्कारांतून (बाप्तिस्मा, प्रभुभोजन), पवित्र आत्मा त्यांच्याद्वारे तो देतो. मग चांगली कामं? सहावं म्हणतं असा विश्वास चांगली फळं देणारच, पण त्या फळांवर भरवसा ठेवायचा नाही. शेजारी रोमकरांस पत्राचा तिसरा अध्याय, २१ ते २८ ओव्या उघडून ठेवा. "मग याकोब म्हणतो कर्मांशिवाय विश्वास निर्जीव आहे, ते काय?" हा प्रश्न तुम्हाला येईलच, तो सोडून देऊ नका, वहीत लिहा आणि विसावं कलम वाचा, ते याच आरोपाला उत्तर आहे की हे लोक चांगली कामं करू नका म्हणतात.

सातवंही महत्त्वाचं. चर्चच्या ऐक्यासाठी शुभवर्तमानाची शिकवण आणि संस्कार यांबद्दल एकमत पुरेसं आहे, माणसांनी ठरवलेल्या रीती सगळीकडे सारख्या असायची गरज नाही. म्हणून एका ल्यूथरन चर्चमध्ये मेणबत्त्या, झगे, क्रूसाची खूण दिसेल आणि दुसऱ्यात साधी गिटार, आणि दोघंही ल्यूथरन.

काही कलमांच्या शेवटी "आम्ही अमक्यांचा निषेध करतो" असं येतं, त्यात अॅनाबॅप्टिस्ट लोक (बाळांचा बाप्तिस्मा न मानणारे) बऱ्याचदा आहेत. त्या काळात अशा निषेधांच्या आधारावर माणसं मारली गेली. २०१० मध्ये ल्यूथरन वर्ल्ड फेडरेशनने स्टुटगार्टच्या अधिवेशनात त्यांच्या वारसांची, मेनोनाइट लोकांची, जाहीर क्षमा मागितली. वाचताना हे ध्यानात असू द्या.

बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन, जिथे बहुतेक जण अडतात

पेंटेकोस्टल पार्श्वभूमीतून आलेला माणूस इथे विचारतो की बाळाला कसला विश्वास, त्याला बाप्तिस्मा कसा देता. ल्यूथरन उत्तर विश्वासांगीकाराच्या तिसऱ्या कलमातच दडलंय. विश्वास ही देवाची देणगी असेल तर बाळ आणि मोठा माणूस दोघेही सारखेच रिकाम्या हाताने येतात. बाप्तिस्मा म्हणजे मी देवाला दिलेली साक्ष नाही, देवाने मला दिलेलं वचन. कॅटेकिझममध्ये चार प्रश्न आहेत, बाप्तिस्मा म्हणजे काय, त्याचा फायदा काय, पाण्याने एवढं सगळं कसं होतं, आणि रोजच्या जगण्यात त्याचा अर्थ काय. तिसऱ्याचं उत्तर पाठ करा: नुसतं पाणी करत नाही, पाण्याबरोबरचं देवाचं वचन करतं. चौथ्यात येतं की जुना माणूस रोज पश्चात्तापाने बुडवायचा आणि नवा रोज वर यायचा. म्हणजे बाप्तिस्मा एकदाच, पण वापर रोज.

प्रभुभोजनाबद्दल शॉर्टमध्ये इतिहास सांगतो. १५२९ च्या ऑक्टोबरमध्ये मारबुर्गच्या किल्ल्यात ल्यूथर आणि स्वित्झर्लंडचा धर्मसुधारक झ्विंग्ली समोरासमोर बसले. पंधरा मुद्द्यांपैकी चौदांवर जमलं, पंधराव्यातल्या एका भागावर तुटलं. झ्विंग्ली म्हणत होता "हे माझं शरीर आहे" म्हणजे "हे माझ्या शरीराचं चिन्ह आहे". ल्यूथरने टेबलावर खडूने ते वाक्य लिहून ठेवलं होतं आणि तो हटला नाही. ल्यूथरन शिकवण अशी की भाकर आणि द्राक्षारसात, त्यांच्यासह आणि त्यांच्याखाली ख्रिस्ताचं खरं शरीर आणि रक्त आहे. कॅथलिकांसारखं भाकरीचं मूलतत्त्वच बदलतं असं ते म्हणत नाहीत, आणि आपल्या बऱ्याच मराठी चर्चमध्ये मानतात तशी नुसती आठवण आहे असंही म्हणत नाहीत. "कन्सब्सटॅन्शिएशन" हे लेबल बाहेरचे लोक लावतात, ल्यूथरन धर्मशास्त्री स्वतः ते सहसा घेत नाहीत, परीक्षेत लिहिताना जपून.

आणि हो, पापांगीकार. प्रोटेस्टंट म्हणजे पाळकासमोर कबुली नाही असा समज असेल तर कॅटेकिझमचा पाचवा भाग आणि ऑग्सबर्गचं अकरावं कलम बघा. खाजगी पापांगीकार त्यांनी ठेवलाय, फक्त सगळी पापं मोजून सांगायची सक्ती काढली. भर कबुलीवर नाही, "तुला क्षमा झाली" हे ऐकण्यावर आहे.

रोजचा अभ्यास कसा करायचा

१५३५ मध्ये ल्यूथरच्या न्हाव्याने, पीटर बेस्केनडॉर्फने, त्याला विचारलं की प्रार्थना कशी करू. ल्यूथरने एक छोटी पुस्तिकाच लिहून दिली. पद्धत अशी की कॅटेकिझममधली एक आज्ञा घ्या आणि तिच्यातून चार पदर काढा: ही मला काय शिकवते, यात आभार कशाचे, कबूल काय करायचं, मागायचं काय.

सातवी घेऊ, चोरी करू नको. शिकवण: स्मॉल कॅटेकिझम सांगतो की शेजाऱ्याचा पैसा लाटू नका, खराब माल देऊन किंवा फसवा व्यवहार करूनही नाही, उलट त्याची कमाई वाढायला आणि टिकायला मदत करा. आभार: माझं घर, माझा पगार, माझी बाइक कोणी उचलून नेली नाही, देवाने ही आज्ञा माझ्याही भोवती कुंपण म्हणून घातली. कबुली: कामवाल्या मावशींच्या सुट्टीचे पैसे कापताना मी हिशेब चोख केला आणि पगार वाढवायची वेळ आली तेव्हा पुढच्या महिन्यावर ढकललं, ऑफिसच्या वेळेत अर्धा तास रील्स बघितल्या. मागणं: मला हात आखडता न घेणारा माणूस कर, आणि माझ्या गल्लीतल्या भाजीवाल्याचा धंदा नीट चालू दे. पाच-दहा मिनिटांत होतं. नंतर लार्ज कॅटेकिझममधलं सातव्या आज्ञेचं स्पष्टीकरण वाचा, तिथे ल्यूथर खुर्चीत बसून लुटणाऱ्या मोठ्या लोकांचा जो समाचार घेतो तो वाचून पाचशे वर्षं झाली असं वाटत नाही. लार्ज कॅटेकिझम असा आज्ञेगणिक वाचला की जड जात नाही.

लार्ज कॅटेकिझमच्या प्रस्तावनेत ल्यूथर लिहितो की मी डॉक्टर (धर्मशास्त्राचा) आहे, उपदेशक आहे, तरी रोज सकाळी लहान मुलासारखा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रार्थना शब्दशः म्हणतो. १५३९ मध्ये त्याने धर्मशास्त्र शिकायची तीन साधनं सांगितली, स्तोत्र ११९ वरून: प्रार्थना, मनन आणि परीक्षा. मनन म्हणजे डोळे मिटून बसणं नाही, तेच शब्द मोठ्याने पुन्हा पुन्हा वाचणं. आणि परीक्षा म्हणजे संकट, मोह, शंका, ज्यात कळतं की वाचलेलं टिकतं की नाही.

ल्यूथर आणि ल्यूथरन शिकवण एकच समजू नका

हे सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये. ल्यूथरने भरमसाठ लिहिलंय, त्याच्या लिखाणाच्या वायमार आवृत्तीचे शंभराहून जास्त खंड आहेत. त्यात १५२५ च्या शेतकरी बंडाविरुद्धचं भडक लिखाण आहे आणि १५४३ मधलं ज्यू लोकांविरुद्धचं विषारी पुस्तकही आहे. त्याचं समर्थन करणारा कोणी भेटला तर तिथून उठा. अमेरिकेतल्या दोन मोठ्या ल्यूथरन चर्चसंस्थांनी, मिसुरी सिनडने १९८३ मध्ये आणि ईएलसीएने १९९४ मध्ये, ज्यू लोकांविरुद्धचं ते लिखाण अधिकृतपणे नाकारलंय. ल्यूथरन चर्चला बंधनकारक असतं ते ल्यूथरचं प्रत्येक वाक्य नाही, तर बुक ऑफ कॉन्कॉर्ड, १५८० मध्ये एकत्र आणलेला विश्वासाच्या जाहीर कबुल्यांचा संग्रह. त्यात तीन जुने विश्वासांगीकार, ऑग्सबर्ग कन्फेशन आणि त्याचं समर्थन, श्मालकाल्डचे लेख, पोपच्या सत्तेवरचा निबंध, दोन्ही कॅटेकिझम आणि १५७७ चा फॉर्म्युला ऑफ कॉन्कॉर्ड. "ल्यूथर असं म्हणाला" असं कोणी फेकलं की पहिला प्रश्न, हे संग्रहात आहे का.

आजचे ल्यूथरनही एक नाहीत. १९९९ मध्ये ऑग्सबर्गला ल्यूथरन वर्ल्ड फेडरेशन आणि कॅथलिक चर्चने नीतिमान ठरण्याबद्दल संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, मिसुरी सिनड त्यात नव्हतं आणि त्यांना ते मान्य नाही. स्त्रियांना पाळकपद, बायबलकडे बघायची पद्धत, यावरही फरक आहेत. म्हणून कोणतंही पुस्तक उघडलं की आधी प्रकाशक कोणाचा ते बघा, मग वाचा.

माणसं कुठे भेटतील

भारतात हा प्रवाह नवा नाही. ९ जुलै १७०६ रोजी बार्थोलोमेउस त्सिगेनबाल्ग आणि हाइनरिख प्ल्युत्शाउ हे दोघे डेन्मार्कच्या राजाने पाठवलेले तरुण जर्मन तमिळनाडूत तरंगमबाडीला उतरले, विल्यम कॅरीच्या जवळजवळ नव्वद वर्षं आधी. त्सिगेनबाल्गने कॅटेकिझम आणि नवा करार तमिळमध्ये आणला, त्याने बांधलेलं १७१८ चं न्यू जेरुसलेम चर्च अजून उभं आहे, फिरायला गेलात तर बघून या. १८४२ मध्ये अमेरिकेतले ल्यूथरन मिशनरी हायर गुंटूरला आले, १८४५ मध्ये गॉसनरचे मिशनरी रांचीला. आपल्याला सगळ्यात जवळचं म्हणजे छिंदवाडा, तिथे स्वीडिश मिशनमधून उभं राहिलेलं मध्य प्रदेशातलं इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्च आहे, नागपूरकरांना ते अगदी हाताशी. मुंबईतही तमिळ आणि तेलुगू बोलणाऱ्या ल्यूथरन मंडळ्या आहेत. चेन्नईत गुरुकुल कॉलेज आहे, नागरकोइलला कॉन्कॉर्डिया सेमिनरी. एखाद्या रविवारी उपासनेला जाऊन मागे बसा, नंतर पाळकांना सरळ सांगा की मी कॅटेकिझम वाचतोय आणि इथे अडलोय. प्रश्न वहीत लिहिलेला असेल तर लोक मनापासून वेळ देतात. प्रभुभोजनाला पुढे जायचं की नाही ते मात्र आधी विचारा, प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा असतो.

यापुढचं वाचन: ल्यूथरची १५२० ची ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावरची पुस्तिका, जिच्यात ख्रिस्ती माणूस सगळ्यांचा स्वतंत्र धनी आणि त्याच वेळी सगळ्यांचा चाकर असं दुहेरी विधान आहे. मग श्मालकाल्डचे लेख, मग गलतीकरांस पत्रावरचं त्याचं १५३५ चं भाष्य, तुकड्या-तुकड्याने. फॉर्म्युला ऑफ कॉन्कॉर्ड शेवटी ठेवा आणि त्यातही आधी एपिटोम म्हणजे संक्षिप्त भाग घ्या, मोठा भाग फक्त ज्या कलमात अडाल तिथे उघडा. संग्रहाच्या १९२१ च्या त्रिभाषी (जर्मन, लॅटिन, इंग्रजी) आवृत्तीतलं इंग्रजी भाषांतर नेटवर फुकट मिळतं, भाषा जुनी वाटली तर कोल्ब आणि वेंगर्ट यांनी संपादित केलेली २००० सालची आवृत्ती एखाद्या सेमिनरीच्या लायब्ररीत बघा, विकत घ्यायची घाई नको, महाग आहे.